पन्नास मिनिटांचा तास आणि उरलेला दिवस

शाळेतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात एका वर्गाच्या चौतीस वह्या तपासण्यासाठी माझ्या टेबलावर आल्या. मी लाल पेन घेतले आणि प्रत्येक बरोबर उत्तरापुढे, लहानपणी माझ्या वह्यांवर होत असे तशी, बरोबरची खूण करत गेले. दुसऱ्या दिवशी वह्या परत वाटल्या तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी आपले पान हाताने झाकून बसली आणि खिडकीजवळचा एक मुलगा खोडरबर घेऊन आपली उत्तरे पुसू लागला. ती सगळी उत्तरे बरोबर होती. तास संपल्यावर माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले की, जपानमध्ये बरोबर उत्तराभोवती गोल काढतात, त्याला ‘मारू’ म्हणतात, आणि मी केलेली खूण येथे उत्तर चुकल्याची खूण आहे. त्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी आम्ही सगळ्या वह्या पुन्हा गोळा केल्या, प्रत्येक उत्तराला गोल काढला, आणि ज्यांचे पान पूर्ण बरोबर होते त्यांच्या पानावर ‘हानामारू’, म्हणजे भोवती पाकळ्या काढून फूल केलेला गोल काढला. त्या मुलाने पुसलेली उत्तरे पुन्हा लिहिली, परंतु पुढचे कित्येक दिवस वही देताना तो माझ्याकडे पाहत नसे. एवढ्या सहजपणे, कोणालाही काही न विचारता, स्वतःचे बरोबर उत्तर पुसून टाकणारे मूल मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि गेली दोन वर्षे येथे मी जे काही काम केले त्यातला बराचसा भाग त्या खोडरबराभोवतीच फिरत राहिला आहे.

मी एप्रिल २०२२ मध्ये जपानला आले. शिमाने प्रांतात, शिंजी सरोवरापासून जवळ, एका सार्वजनिक कनिष्ठ माध्यमिक शाळेत मी इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका आहे आणि आठवड्यातले दोन दिवस दोन प्राथमिक शाळांमध्ये जाते. या पदाला येथे ‘एएलटी’, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, म्हणतात. परदेशी व्यक्ती या पदावर येण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे १९८७ साली सुरू झालेला शासनाचा जेट कार्यक्रम. त्यात एकेका वर्षाचा करार होतो आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. काही ठिकाणी शाळा खासगी कंपन्यांमार्फत शिक्षक मागवतात, तर काही ठिकाणचे शिक्षण मंडळ स्वतःच नेमणूक करते. माझी नेमणूक अशी थेट झाली. शाळेशी संबंध नसलेले आणि बहुतेक संध्याकाळी भरणारे संभाषणाचे वर्ग, ज्यांना ‘एइकाइवा’ म्हणतात, हे आणखी एक वेगळेच जग आहे, परंतु त्यात मी कधी काम केलेले नाही, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही.

या कामासाठी व्हिसा मिळवताना पदवीबरोबरच, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी माझी वाढ झाली असल्यामुळे मला पहिलीपासूनचे दाखले गोळा करावे लागले. ही अट मला अन्यायाची वाटत नाही. तरी एक गोष्ट मात्र मला मनापासून वाटते, आणि ती मी मुलाखतीतही सांगितली होती: ज्याने इंग्रजी पाळण्यातच ऐकली, त्याला ती कोठे अडते हे आठवावे लागत नाही, ज्याने ती बाहेरून घरात आणली, त्याला प्रत्येक उंबरठा आठवत असतो. येथील मुलांना असा उंबरठा आठवणारी व्यक्ती समोर असण्याचा उपयोग होतो, असे माझे मत दोन वर्षांनंतर अधिक पक्के झाले आहे.

सकाळी सव्वासातला मी सायकल काढते. ‘बेन्तो वासुरेतेमो कासा वासुरेरु ना’, म्हणजे डबा विसरलास तरी छत्री विसरू नकोस, अशी या समुद्रकाठच्या पट्ट्यात म्हण आहे, आणि ती अक्षरशः खरी आहे, कारण हिवाळ्यात स्वच्छ सकाळ आणि दुपारी पाऊस किंवा ओले हिम हा येथील नेहमीचा क्रम असतो. लांबच्या प्राथमिक शाळेच्या दिवशी मी इचिबाता रेल्वेची छोटी गाडी पकडते. ती सरोवराच्या उत्तर काठाने धावते आणि तिच्यात वेगळे भाडे देऊन सायकलही नेता येते. सकाळच्या त्या वेळी पाण्यावर शिजिमी पकडणाऱ्या होड्या दिसतात. शिजिमी म्हणजे नखाएवढ्या काळसर शिंपल्या, कोकणातल्या तिसऱ्यांच्या धाकट्या बहिणी म्हणता येतील अशा. शिंजी सरोवरात गोडे आणि खारे पाणी मिसळते, त्यामुळे त्या येथे विपुल होतात, आणि शिजिमीसाठी हे सरोवर जपानभर ओळखले जाते. या होड्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण पुढे त्यांच्याशी माझा संबंध आला.

शाळेत शिरताना बाहेरचे जोडे लाकडी कप्प्यात ठेवून आतले जोडे घालायचे आणि शिक्षकखोलीचे दार सरकवून मोठ्याने ‘ओहायो गोझाइमास’ म्हणायचे. सगळ्या शिक्षकांची टेबले एकमेकांना जोडून समोरासमोर मांडलेली असतात आणि उपमुख्याध्यापक मध्यभागी, सर्वांना दिसतील असे बसतात. सव्वाआठला दोन-तीन मिनिटांची सभा होते. पहिले काही महिने त्या सभेतले मला काहीच कळत नसे. शेजारच्या टेबलावरचे विज्ञानाचे सर माझ्या नावाचा उल्लेख आला की कागदाच्या चिठोऱ्यावर त्याचा सार लिहून सरकवत असत. ते चिठोरे मी अजून जपून ठेवले आहेत.

परवानाधारक शिक्षक नसल्यामुळे एएलटीने वर्गाची जबाबदारी एकट्याने घ्यायची नसते. गुण देणे आणि वर्षभराच्या अभ्यासाची आखणी करणे हे जपानी शिक्षकाचे काम. म्हणून माझा प्रत्येक तास किती चांगला होईल हे ‘उचिआवासे’वर, म्हणजे तासाच्या आधी दोघींनी बसून केलेल्या बोलण्यावर अवलंबून असते. कागदावर ते रोज पंधरा मिनिटे होते. प्रत्यक्षात ते छपाईच्या यंत्राजवळ उभ्याउभ्या, कधी तीन मिनिटे, कधी जिन्यावरून वर जाताना होत असे. माझ्या बाई एका वर्गाच्या वर्गशिक्षिका होत्या, शाळा सुटल्यावर टेनिसच्या पथकाकडे पाहत होत्या आणि मुलांच्या घरी फोन करून झाल्यावर सात-साडेसातला निघत होत्या. १९७१ च्या एका कायद्यानुसार सार्वजनिक शाळांतील शिक्षकांना जादा तासांचा वेगळा मोबदला मिळत नसे, त्याऐवजी मूळ पगाराच्या ४ टक्के रक्कम सरसकट मिळे, आणि दिवस कितीही लांबला तरी ती तेवढीच राही. हे समजल्यानंतर, मला वेळ देत नाहीत म्हणून आधी वाटलेले वाईट पार गेले, आणि मी वेगळी रीत धरली. पुढच्या आठवड्याच्या प्रत्येक तासाचा एक पानाचा आराखडा शुक्रवारी दुपारी त्यांच्या टेबलावर ठेवू लागले, म्हणजे त्यांना फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादी सुधारणा एवढेच लिहावे लागे. सोमवारी सकाळी तो कागद हिरव्या शाईच्या छोट्या अक्षरांनी भरून परत येई.

आता तासाविषयी. वर्गाचा प्रतिनिधी ‘किरित्सु’ म्हणतो, सगळे उभे राहतात; ‘रेइ’ म्हणतो, सगळे वाकतात; आणि तास सुरू होतो. तास पन्नास मिनिटांचा असतो आणि कनिष्ठ माध्यमिक शाळेत इंग्रजीचे वर्षाला १४० तास होतात. हे पुष्कळ वाटते. परंतु चौतीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने तोंडच उघडले नाही, तरी एकेका मुलाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही, आणि शिक्षक तर पुष्कळ बोलतात. मी प्रश्न विचारला की ज्याला विचारला तो उभा राही आणि गप्प राही. ती शांतता मला पहिल्या वर्षी सहन होत नसे. मी लगेच दुसऱ्या शब्दांत विचारी, मग तिसऱ्या, मग उत्तरातला पहिला शब्द स्वतःच सांगून टाकी. बाईंनी एकदा मला विचारले, ‘तुम्ही किती वेळ थांबता, मोजले आहे का?’ मी मोजले. मी दोन सेकंदही थांबत नव्हते. मूल गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही, असे मी धरून चालले होते. ते मनात वाक्य जुळवून पाहत असे, शेजाऱ्याला डोळ्यांनी विचारत असे, आणि ते बोलण्याच्या बेतात आले की नेमकी मी मध्ये पडत असे.

त्यात ते वर्ष मास्कचे होते. मुलांनी माझे ओठ पाहिले नव्हते, मी त्यांचे पाहिले नव्हते, आणि ओठ व दात दिसल्याशिवाय ‘व्ही’ आणि ‘बी’ यांतला फरक शिकवणे फार कठीण असते. मी पारदर्शक मुखपट्टी वापरून पाहिली, पण ती वाफेने धूसर होई. जेवणाच्या वेळीसुद्धा सगळी मुले फळ्याकडे तोंड करून, एक शब्द न बोलता जेवत. त्याला ‘मोकुशोकु’, मूक जेवण, म्हणत. सातवीत आलेल्या त्या मुलांनी प्राथमिक शाळेची शेवटची दोन वर्षेही अशीच काढली होती. एप्रिल २०२३ पासून शाळांमध्ये मास्कची सक्ती राहिली नाही, तरी कित्येक मुलांनी तो पुढे बरेच महिने ठेवला, आणि मला ते पूर्ण समजत होते.

त्याच वसंतात राष्ट्रीय चाचणीत नववीच्या मुलांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा टॅब्लेटवर घेण्यात आली. प्रश्न पाच होते. देशभरातली अचूक उत्तरांची सरासरी १२.४ टक्के आली आणि साठ टक्क्यांहून अधिक मुलांचे एकही उत्तर बरोबर आले नाही. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली, आणि प्रश्न अवघड होते, वेळ कमी होता, हेही बोलले गेले. आमच्या शिक्षकखोलीत त्यावर फारसे कोणी बोलले नाही, परंतु बाईंनी संध्याकाळी मला थांबवून घेतले आणि म्हणाल्या, ‘आपली मुले चुकीचे बोलली असती तर मला चालले असते. ती बोललीच नाहीत.’ त्या संध्याकाळी आम्ही दोन नियम ठरवले. पहिला माझ्यासाठी: प्रश्न विचारल्यावर मनात आठपर्यंत मोजायचे आणि तोवर काहीही बोलायचे नाही. दुसरा मुलांसाठी: इंग्रजीच्या वहीत खोडरबर वापरायचे नाही. उत्तर बदलायचे असेल तर जुन्या उत्तरावर एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी नवे लिहायचे, म्हणजे आधी काय सुचले होते तेही दिसत राहील. मुलांना हा दुसरा नियम फार जड गेला. स्वच्छ वहीचा येथे मोठा अभिमान असतो. पालकांच्या एका सभेत त्यावर प्रश्नही आला, आणि बाईंनी तो शांतपणे निभावून नेला.

उच्चार शिकवताना मला माझ्याच भाषेचा अनपेक्षित आधार मिळाला. जपानी भाषेत जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरात संपते, म्हणून ‘डेस्क’चे ‘देसुकु’ होते आणि ‘स्ट्रीट’चे ‘सुतोरीतो’ होते. मुलांना ‘मधला स्वर काढा’ असे सांगून काही साधत नव्हते, कारण तो स्वर त्यांच्या लिपीतून काढताच येत नाही. एकदा मी फळ्यावर देवनागरी ‘स’ काढला, मग त्याचा पाय मोडला, आणि पाय मोडला की अक्षर पुढच्या अक्षराच्या खांद्यावर टेकते, असे जोडाक्षर काढून दाखवले. ‘स्ट्री’ या तिपदरी अक्षराचे चित्र त्यांना फार आवडले. त्यानंतर कोणी ‘सुतोरीतो’ म्हणाले की वर्गातलेच कोणीतरी ‘पाय!’ असे मराठीत ओरडू लागले. ‘काना’ या जपानी लिपीच्या वर्णमालेचा क्रम त्यांनी जेव्हा मला म्हणून दाखवला, आ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, तेव्हा मी त्यांना आपली बाराखडी आणि व्यंजनमाला म्हणून दाखवली. हा सारखेपणा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, आणि त्यांच्या अभ्यासातून हा क्रम जपानमध्ये रुजला. ‘त्सु’ हे अक्षर माझे परदेशी सहकारी फार प्रयत्नाने शिकले. मला ते ‘चाक’ या शब्दातल्या ‘च’मधून आयतेच मिळाले होते.

पन्नास मिनिटांत जे होत नाही ते उरलेल्या दिवसात होते, हे मला दुपारच्या जेवणाने शिकवले. ‘क्यूशोकु’ म्हणजे शाळेचे जेवण. पाळी असलेली मुले पांढरा अंगरखा आणि टोपी घालून मोठी पातेली वर्गात आणतात आणि सर्वांना वाढतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते खाऊन पाहतात, आणि त्याचीही नोंद ठेवली जाते. मी शाकाहारी आहे. येथील बहुतेक पदार्थांना माशाच्या पाण्याची चव असते, त्यामुळे माझा डबा मी घरून नेते आणि त्याची परवानगी मी पहिल्याच दिवशी रीतसर मागून घेतली होती. मूक जेवणाची पद्धत संपल्यावर टेबले पुन्हा सहा-सहाच्या गटांत जोडली जाऊ लागली, आणि मी रोज वेगळ्या गटात बसू लागले. पहिले काही दिवस सगळे माझ्या डब्याकडे पाहत. मग प्रश्न येऊ लागले. पोळी कशाची, पिवळे का, तिखट आहे का. प्रश्न जपानीत सुरू होत आणि मला कळले नाही की इंग्रजीचा एखादा शब्द त्यात येई, मग दुसरा येई. तेथे गोल नव्हते, खुणा नव्हत्या, आणि मी खरोखरच काहीतरी समजून घेण्यासाठी विचारत असे, उत्तर आधीच माहीत असून विचारत नसे. वर्गातला प्रश्न आणि जेवणातला प्रश्न यांतला हा फरक मुलांना नेमका कळतो.

जेवणानंतर पंधरा मिनिटे स्वच्छता असते. मुले आणि शिक्षक मिळून वर्ग, जिने आणि स्वच्छतागृहे साफ करतात. माझ्या वाट्याला पश्चिमेकडचा जिना आहे. गुडघ्यांवर बसून, ओल्या फडक्याने एकेक पायरी पुसत असताना शेजारच्या पायरीवरचा मुलगा मान वर न करता बोलतो, आणि मान वर न करावी लागणे हे त्याला बोलण्यासाठी फार सोयीचे असते. पायऱ्या इंग्रजीत मोजण्याची पद्धत एका मुलीने सुरू केली. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, आणि ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांतला गोंधळ त्या जिन्यावरच मिटला.

प्राथमिक शाळांविषयी थोडक्यात सांगते. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा पूर्ण विषय झाला आहे आणि वर्षाला त्याचे ७० तास होतात. तिसरी-चौथीला ३५ तास खेळ आणि गाण्यांतून इंग्रजी होते. तेथे मुले अजून घाबरत नाहीत. ती ओरडतात, हात धरतात, चुकतात आणि पुढे जातात. ही मोकळी मुले दोन-तीन वर्षांत कशी गप्प होतात, हे एकाच आठवड्यात दोन्ही शाळांत जाणाऱ्या व्यक्तीला जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोणाला दिसत असेल. उच्च माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा हे त्यातले एक मोठे कारण आहे, असे मला वाटते. त्या परीक्षेत लिहिलेले मोजले जाते, आणि नववीच्या हिवाळ्यात आमचे सगळे खेळ आणि गप्पा मागे पडून जुन्या प्रश्नपत्रिका पुढे येतात. त्याबद्दल मी मुलांना किंवा बाईंना दोष देऊ शकत नाही.

शाळेबाहेरच्या आयुष्यात सांगण्यासारखे मोजके आहे. नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर चौदा दिवसांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे लागते. घर मिळवताना एका मालकाने परदेशी भाडेकरू नको असे दलालामार्फत कळवले. ते दुःख थोडे दिवस राहिले. नवीन येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आवर्जून सांगते: रहिवासी कर आदल्या कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जातो, म्हणून पहिल्या वर्षी तो लागत नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून पगारातून कापला जाऊ लागतो. त्यासाठी आधीच थोडे येन बाजूला ठेवावेत.

सुट्टीच्या दिवशी मी पुष्कळदा मात्सुए शहरात जाते. तेथील किल्ल्याच्या खंदकाकाठी लाफ्काडिओ हर्न यांचे जुने घर आहे. ते १८९० साली या शहरात इंग्रजी शिकवण्यासाठी आले, सुमारे सव्वा वर्ष राहिले, येथेच त्यांनी कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार मांडला, आणि पुढे जपानी नागरिकत्व घेऊन ते कोइझुमी याकुमो झाले. त्यांच्या लेखनामुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. मला मात्र त्या घरात गेल्यावर निशिदा सेन्तारो आठवतात. हर्न शिकवत त्या शाळेचे ते उपमुख्याध्यापक आणि स्वतः इंग्रजीचे शिक्षक होते. नव्याने आलेल्या या परदेशी माणसाला घर, माणसे, रीतिरिवाज आणि शाळा यांत त्यांनी हात धरून चालवले. परदेशी शिक्षकाच्या प्रत्येक चांगल्या तासामागे असा एक येथील शिक्षक असतो, आणि त्याचे नाव बहुधा कोणी घेत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात बाईंनी इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी आठवीतली एक मुलगी निवडली. पहिल्या आठवड्यात हाताने पान झाकून बसली होती तीच ही मुलगी. विषय तिने स्वतः निवडला: तिचे आजोबा, जे सरोवरात शिजिमी पकडतात. तिचा पहिला मसुदा जपानीत होता आणि त्यात एक शब्द होता, ‘जोरेन’. लांब दांड्याच्या टोकाला दात असलेली लोखंडी टोपली, जिने होडीवरून सरोवराचा तळ खरवडतात. तिने मला याचा इंग्रजी शब्द विचारला. शब्दकोशात जे होते ते शेतातल्या दंताळ्याचे नाव होते, आणि ती म्हणाली की हे ते नाही. मग ती आजोबांच्या होडीचे छायाचित्र घेऊन आली, उभी राहिली, आणि तो दांडा कसा धरायचा, कंबर कशी वाकवायची, वाळू कशी गळून जाते आणि लहान शिंपल्या जाळीतून परत पाण्यात कशा पडतात, हे हातांनी दाखवत इंग्रजीत सांगू लागली. तिला शब्द कमी पडत होते. ती थांबली. मी आठपर्यंत मोजले, मग सोळापर्यंत. ती पुन्हा बोलू लागली. त्या दुपारी ती सलग चार मिनिटे बोलली, आणि बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी भाषणात आम्ही ‘जोरेन’ हाच शब्द ठेवला आणि तिने केलेले वर्णन जवळजवळ तसेच त्यापुढे लिहिले. सहा आठवडे, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही सराव केला. स्पर्धेत तिला क्रमांक मिळाला नाही. परतीच्या गाडीत ती माझ्याशी आणि बाईंशी स्पर्धेतल्या इतर मुलांच्या भाषणांविषयी बोलत होती, आणि यांतले बरेचसे इंग्रजीत बोलते आहे हे तिच्या लक्षातही आले नव्हते. पुढच्या रविवारी तिच्या आजोबांनी शाळेच्या दारात माझ्यासाठी शिजिमीची एक पिशवी ठेवली. मी त्या खात नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी ती पिशवी विज्ञानाच्या सरांना दिली आणि आजोबांना जपानीत पत्र लिहिले. ते पत्र बाईंनी तपासून दिले, आणि त्यातल्या माझ्या चुकांवर त्यांनीही एकच सरळ रेघ मारली होती.

जपानमध्ये सार्वजनिक शाळांतील शिक्षकांच्या बदल्या काही वर्षांनी होतात आणि त्या मार्चच्या अखेरीस जाहीर होतात. स्थानिक वृत्तपत्रात नावांची लांबलचक यादी छापून येते. मार्च २०२४ च्या यादीत बाईंचे नाव होते. निरोपाच्या समारंभात त्यांनी व्यासपीठावरून मुलांशी जपानीत बोलून झाल्यावर दोन वाक्ये इंग्रजीत म्हटली, मध्येच अडखळल्या, थांबल्या, आणि सभागृहातले सगळे शांतपणे थांबून राहिले. त्यांच्या टेबलाच्या खणात मला माझे शुक्रवारचे आराखडे मिळाले, दोन्ही वर्षांचे, क्रमाने लावलेले.

एप्रिलमध्ये त्यांच्या जागी नवे सर आले. तरुण आहेत, मेहनती आहेत, आणि पहिल्या उचिआवासेत मी त्यांना आठ मोजण्याविषयी सांगितले. वहीतल्या रेघेविषयी सांगायचे मात्र वेळेअभावी राहून गेले. नववीच्या पहिल्या तासाला ते रांगांमधून फिरत होते. खिडकीजवळच्या त्या मुलापाशी ते थांबले. त्याने एक उत्तर लिहून त्यावर रेघ मारली होती आणि शेजारी दुसरे लिहिले होते. सरांनी आपल्या खिशातले खोडरबर काढून मायेने त्याच्यापुढे धरले. मुलगा उभा राहिला, क्षणभर गप्प झाला, आणि मग अतिशय विनयाने म्हणाला, ‘सेन्सेई, इंग्रजीच्या वहीत पुसायचे नसते.’ सरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्यांनी खोडरबर खिशात परत ठेवले, वाकून ती दोन्ही उत्तरे वाचली आणि विचारले की आधीचे का सुचले होते.